सावित्री कुस्ती कंपनीचा हरलेला मालक

पोलादपूरच्या खोऱ्यात एखाद्याला कुणी बोलू दिलं नाही किंवा पंगतीत मागे सारलं, की तो म्हणतो, "तिकीट हाय माझ्यापाशी." नव्याने बदलून आलेल्या मास्तरांना वाटतं, गृहस्थ मोटारीविषयी बोलतो आहे. मोटारीचा काही संबंध नाही. बोलणं कुस्तीतलं आहे. ते जिच्यामुळे सुरू झालं ती सावित्री कुस्ती कंपनी दोन उन्हाळे कशीबशी टिकली. तिचा मालक हैबती चोरगे. कुलाबा जिल्ह्यात बुडालेल्या धंद्यांची तेव्हाही वाण नव्हती. पण बहुतेक मालक विचारल्यावर पावसाकडे, सरकारकडे किंवा भागीदाराकडे बोट दाखवत. हैबती स्वतःच्या पाठीकडे दाखवायचा.

त्याची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. तिथला रिवाज असा की मुलगा अंगाने भरला की मुंबईला गिरणीत जायचा आणि कंबर वाकली की परत येऊन उतारावर नाचणी लावायचा. हैबतीही गेला, पण तो रागाने गेला. मिसरूड फुटायच्या वयात त्याने एका जत्रेत खोताच्या पुतण्याला पाडलं होतं. पुतण्याचे दोन्ही खांदे मातीला लागलेले फडाभोवतीच्या सगळ्यांनी पाहिले. पंचांमध्ये स्वतः खोत होते. त्यांनी काठी आडवी धरली आणि कुस्ती बरोबरीत सोडवल्याचं सांगितलं. नारळ फोडून दोघांना एकेक भकल देण्यात आलं. हैबतीने आपलं भकल खोतांच्या पायापाशी ठेवलं आणि म्हणाला, "दोन्ही त्यालाच द्या. भूक लागली आसल पडून पडून." त्यानंतर गावात राहणं त्याच्या बापाला परवडणारं नव्हतं. त्यामुळे हैबती मुंबईला गेला.

परळच्या तालमीत तो वीस वर्षं घुमला. मुंबईत तेव्हा तिकीट लावून कुस्त्या होत. तंबू असे, बँड असे, आणि नाशिकच्या पैलवानाला इराणचा म्हणून उभं केलेलं असे. हैबती गिरणीतून सुटला की अशाच एका कंपनीच्या दारावर राखणीला उभा राही. तिथे त्याने दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे, दारावर तिकीट दाखवलं की तू कुणाचा कोण, हे कुणी विचारत नाही. दुसरी म्हणजे, आत कोण पडणार ते दुपारी चहा पिताना ठरतं. पहिली गोष्ट पाहून त्याला इतका आनंद झाला की दुसरी तो जवळजवळ विसरला. एखाद्या माणसाच्या हातून धंदा बुडायचा असेल तर तो असाच, चांगल्या गोष्टीच्या बाजूने बुडतो.

अठ्ठावीस सालचा गिरण्यांचा संप लांबला तेव्हा तो बायकोला घेऊन गावी आला आणि परत गेलाच नाही. जिथे पाठ लागली तर लागली असंच म्हणतील असा एक फड त्याला स्वतःच्या खोऱ्यात उभा करायचा होता. बाकी तंबू, बँड, नावं हा सगळा त्या फडाचा पोशाख. दासगावच्या बंदरात गलबतांची जुनी शिडं मिळाली. त्याच्या बायकोने, तुळसाबाईने, ती दाभणाने जोडून कनात केली. वारा सुटला की ती कनात समुद्राकडे निघाल्यासारखी फुगायची. कंपनीचा मुख्य पैलवान उमरठचा मालोजी. उमरठच्या माणसाचं शौर्य जन्मजात असतं असा त्या बाजूला समज आहे, आणि मालोजी तो समज मोडू देत नसे. दुसरा मुरारी. हा पोलादपूरच्या बाजारात मीठ विकायचा. कंपनीत त्याला काळा बुरखा घालून 'काबूलचा सिंह' करण्यात आलं. नावं खोटी, निकाल खरे, असं हैबतीचं धोरण होतं. मुंबईच्या कंपन्यांचं नेमकं उलट होतं, आणि त्या चालत होत्या.

पहिला खेळ पोलादपुरात, भात कापून झालेल्या एका खाचरात झाला. सिंहाने डरकाळी फोडली तेव्हा पुढच्या रांगेतून त्याची मावशी ठमाबाई म्हणाली, "मुरारी, घसा बसंल रे. उद्या बाजार हाय." एवढ्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते वेगळ्याच कारणाने.

जत्रेतल्या फडाची रीत अशी: दोरीच्या बाहेर बघे, दोरीच्या आत पैलवान. जो आत आला तो लढायला आला, एवढाच आत येण्याचा अर्थ. हैबतीच्या कंपनीत तिकीट काढून सगळेच कनातीच्या आत आले होते. तेव्हा काही जणांनी जी समजूत करून घ्यायची ती करून घेतली. मालोजीची पहिली कुस्ती सुरू होणार तोच भागोजी नावाचे एक म्हशीवाले उठले. वय साठीकडे झुकलेलं. त्यांनी बंडी काढून घडी केली, बायकोच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि फडात येऊन शांतपणे उभे राहिले.

हैबतीने विचारलं, "बाबा, काय पायजे?"

"कुस्तीला जोड," भागोजी म्हणाले.

"तुमी बघाया आलाव ना?"

"बघाया मी फुकट बघतो जत्रंत. मग तिकीट कशाला काढलं?"

त्यांच्या मागे आणखी चार-पाच जण काचा मारून उभे होते. मुंबईच्या दारावर इतकी वर्षं उभं राहूनही हैबतीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. माणूस पैसे मोजून दुसऱ्याची कुस्ती नुसती बघेल, ही कल्पनाच खोऱ्यात नवी होती. त्याने भागोजींकडे पाहिलं, मालोजीकडे पाहिलं, आणि डफवाल्याला सांगितलं की पुकार: ज्याच्यापाशी तिकीट, त्याला कुस्ती. मालोजीने भागोजींना अलगद उचललं आणि आजारी माणसाला खाटेवर ठेवावं तसं मातीवर ठेवलं. म्हातारे खूश होऊन परत जागेवर गेले. पैसे वसूल झाले होते.

या पुकाऱ्याने कंपनीचं नाव झालं. दुसऱ्या खेळाला दुप्पट माणसं आली, आणि निम्मी लंगोट नेसूनच आली. काबूलच्या सिंहाला देवळे गावच्या एका गुराख्याने पाडलं आणि बुरखाही फेडून घरी नेला. पुढे कित्येक वर्षं त्यात त्यांच्या घरी कुळीथ बांधलेले असत. महाडला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस कामानिमित्त आला होता. त्याने एक खेळ पाहिला आणि हैबतीला बाजूला घेऊन भल्यासाठी म्हणून चार शब्द सांगितले. लोक तिकीट काढतात ते राक्षस बघायला, तो म्हणाला. तुझा राक्षस त्यांच्या शेजाऱ्याने पाडला, तर पुढच्या वेळी ते तिकीट कशाला काढतील? शेजारी त्यांना रोज फुकट दिसतो. हा पुकारा बंद कर, नाहीतर माझ्या कंपनीत दारावर ये. हैबतीला म्हणणं पूर्ण पटलं. त्याने पुकारा बंद केला नाही.

धंद्याच्या बाजूने पाहिलं तर कंपनीचं मरण तिथेच लिहिलं गेलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात कनातीत जागा रिकाम्या दिसू लागल्या. घरोघरचे पैलवान एकमेकांना आपापल्या खळ्यात फुकट पाडू लागले होते. वाचण्याची एकच वाट उरली होती. महाडजवळच्या मोठ्या जत्रेला जोडून खेळ लावायचा. तो रंगला तर पंचक्रोशीतल्या जत्रांचे पंच कंपनीला वर्षाचं आमंत्रण देतील, असं बोलणं झालं होतं. पंचांचे मुख्य तेच खोत. पुतण्याला बरोबरीत सोडवलेले. वय झालं होतं, काठी तीच होती. त्यांनी खेळाला आपलं शेत दिलं आणि हैबतीशी इतक्या गोडीने बोलले की जुनं काही झालंच नव्हतं असं तिसऱ्याला वाटावं.

महाडमध्ये तळ्याच्या पाण्यावरून जे रण माजलं होतं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कोण कुठलं पाणी प्यायला यावर डोकी फुटलेलं गाव ते. पण खेळ म्हणजे खेळ. कनातीच्या एका कडेला महारवाड्यातली माणसं येऊन बसली, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. कडेला बसलेली माणसं कडेला बसली म्हणून कुणाला त्रास होत नसतो.

मालोजीने त्या दिवशी ओळीने तिघांना लोळवलं. खोत खुर्चीत बसून मान डोलावत होते. बँड वाजत होता. कंपनी वाचली, असं तुळसाबाईंना तिकिटाच्या टेबलापाशी बसूनसुद्धा कळत होतं. डफवाल्याने शेवटचा पुकारा केला आणि कडेचा एक जण उठला. नाव चांगू. मुंबईला गोदीत माल उचलायचा, तिथल्याच एका तालमीत मेहनत करायचा, आणि भावाच्या लग्नाला गावी आला होता. त्याने सदरा काढला. आत कुस्तीची लांग होती. म्हणजे आयत्या वेळचं हे काही नव्हतं. फडाच्या कडेला येऊन त्याने तिकीट उंच धरलं आणि तो तसाच उभा राहिला.

बँड आपोआप थांबला. खोतांनी हैबतीकडे न पाहता तुळसाबाईंना विचारलं, याला तिकीट कुणी दिलं?

"मी दिलं," तुळसाबाई म्हणाल्या. "नाणं वाजवून घेतलं. खरं व्हतं."

हैबतीने मालोजीकडे पाहिलं. मालोजीचं तोंड उतरलं. त्याने हळू आवाजात सांगितलं की बहिणीचं लग्न ठरतंय, याच्या अंगाला अंग लावलं तर सोयरीक मोडेल, तू मला हे सांगू नकोस. मालोजी वाईट माणूस होता असं नाही. ज्याची बहीण लग्नाची असते तो गावात कधीच एकटा नसतो.

आता हैबती काही सुधारक नव्हता. त्याच्या वाडीवर महार आला की पाणी वरूनच ओतत, आणि त्याने त्याविरुद्ध कधी चकार शब्द काढल्याचं कुणाला आठवत नाही. तळ्याच्या प्रकरणात तो कुठल्याच बाजूला नव्हता. पण तिकीट कंपनीचं होतं. शिक्का त्याचा होता. त्याने चांगूला थांबवलं असतं तर तो खोत झाला असता, आणि जगातलं काहीही होण्याची त्याची तयारी होती, तेवढं सोडून. त्याने पागोटं काढून तुळसाबाईंपाशी दिलं. वय चाळिशीला आलेलं, एक गुडघा गिरणीने खाल्लेला. तुळसाबाई पागोटं घेऊन म्हणाल्या, "पडाल वो तुमी."

"पडलो तर पडलो म्हण," हैबती म्हणाला. "दुसरं काय म्हणू नको."

कुस्तीआधी एकमेकांच्या अंगाला माती लावायची रीत असते. चांगूने वाकून माती घेतली, ती स्वतःच्याच खांद्यांना लावली आणि थांबला. सगळ्या खेळात एवढाच क्षण असा होता की हैबतीला परत फिरता आलं असतं. त्याने मूठभर माती उचलून चांगूच्या छातीवर आणि मानेवर चोळली, पैलवान पैलवानाला चोळतो तशी, जरा जोरानेच. "काय लाजतो?" तो म्हणाला. "तिकीट हाय ना तुझ्यापाशी?"

"हाय," चांगू म्हणाला, आणि त्याने हैबतीच्या खांद्यांना माती लावली.

कुस्ती फार वेळ चालली नाही. हैबतीने खडाखडीत मान खेचून पाहिली, पट काढायला वाकला, आणि गुडघ्याने दगा दिला. चांगूने त्याला ढाकेवर घेतला. हैबती हवेतून फिरून आडवा पडला तेव्हा दोन्ही खांदे असे टेकले की मातीला त्यांचा ठसा उमटला. कुणी टाळी वाजवली नाही. कडेच्या लोकांनीही नाही. पुढे काय होणार याचा त्यांना इतरांपेक्षा जास्त अनुभव होता.

खोत उठले. त्यांनी काठी आडवी धरली. म्हणाले, कुस्ती बरोबरीत सोडवली आहे.

यात त्यांचा हेतू हैबतीला वाचवण्याचाच होता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. खडाखडी झाली, सोडवली, म्हणजे काही घडलंच नाही. दोघांनी घरी जाऊन अंघोळ करायची. हरलेला मालक म्हणजे सगळ्या खोऱ्याची पाठ मातीला, आणि तीही अशा माणसाच्या हातून. ती गोष्ट काठी आडवी केल्याने टळत होती.

हैबती पडल्या पडल्याच म्हणाला, "कोण म्हणतो बरोबरीत?"

"मी म्हणतो," खोत म्हणाले. "उठ आता, हैबती. झालं ते झालं."

"मी उठत नाय. या हितं. मातीवर बघा. दोन खांदे हायत का नाय? खोतानूं, पाठ माझी हाय. ती लागली का नाय ते मी सांगीन, तुमी नाय. चितपट पडलो मी."

मग तो उठला, चांगूचा हात धरून वर केला, आणि मालोजीसाठी आणलेला फेटा त्याच्या डोक्याला बांधला. फेटा त्याने घाई न करता, पीळ नीट बसवत बांधला. तोवर मागच्या बाजूने कनातीवर धोंडे पडायला लागले होते. महारवाड्यातली माणसं चांगूला मधे घेऊन नदीच्या अंगाने निघून गेली. तुळसाबाईंनी दोऱ्या सोडवायच्या आधीच कनात फाटली. शिडाचं कापड होतं, वादळं सोसलेलं. दासगावहून महाडपर्यंतच्या प्रवासात पहिल्यांदा फाटलं.

कंपनी त्या संध्याकाळी संपली. पैलवान आपापल्या गावी गेले. एकाही जत्रेच्या पंचांनी आमंत्रण दिलं नाही. हैबतीच्या जातभाईंनी बैठक बोलावली, आणि त्या बैठकीची हकीकत अजून सांगतात. त्यांनी पुष्कळ समजुतीने घेतलं. कुस्ती बरोबरीत सुटली असं खोतांनी जाहीर केलंच आहे, तू फक्त 'होय' म्हण. पंचगव्य घे, विषय मिटेल, आणि खोत मनाने मोठे आहेत, पुढच्या वर्षी कंपनीला जत्रासुद्धा देतील. नाही म्हणालास तर वाळीत. हैबतीने पंचगव्याला हरकत घेतली नाही. गाईचं आहे, औषधी असतं, म्हणाला. पण बरोबरीला तो 'होय' म्हणेना. सकाळची बैठक दुपारवर आली. शेवटी वैतागून एका म्हाताऱ्याने विचारलं की अरे, जिंकलास म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले, हरलो म्हणून भांडणारा तू कुठून आलास?

"वाळीत टाका," हैबती म्हणाला, "पण हरला म्हणून टाका. बरोबरीत सुटला म्हणून टाकलात तर मी उठनार नाय हितनं."

त्यांनी त्याला वाळीत टाकलं. कारण कोणतं सांगायचं यावर त्यांच्यातच एकमत झालं नाही.

तीन-चार वर्षं त्याच्या घरी कुणी लग्नाची अक्षत आणली नाही. तुळसाबाई त्यावर म्हणत, "बरं झालं, लुगडी झिजत नाय." हैबती मात्र प्रत्येक जत्रेला जायचा. दोरीच्या बाहेर उभा राहायचा, आणि पंचांनी कुणाची कुस्ती संशयाने सोडवली की मोठ्याने विचारायचा, "पाठ बघितली का?" एवढंच. आधी लोक हसले, मग चिडले. एका जत्रेत त्याला हाकलून दिलं. पण प्रश्न एकदा ऐकला की कानात राहतो, आणि पुढे तो म्हणेना त्याआधीच बघे म्हणायला लागले. पंचांना पाठी बघाव्या लागल्या. आज त्या खोऱ्यातल्या फडांवर पंच हरलेल्याला उठवतात, लोकांकडे पाठ करून उभा करतात आणि मगच निकाल देतात. बाहेरच्यांना ही रीत अपमानाची वाटते. खोऱ्यातल्यांना दुसरी ठाऊक नाही.

चांगू गोदी सोडून महाडला परतला आणि त्याने नदीकाठी आपल्या वस्तीशेजारी लहानशी तालीम घातली. तिकडे दुसऱ्या कुणी जाण्याचा प्रश्न नव्हता. गेला तो मालोजी, आणि त्याला तिकडे नेलं ते विचाराने नाही, विचार करायची त्याला सवय नव्हती. बहिणीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं होतं. पण बाजारात, विहिरीवर, मांडवात जिथे तिथे लोक त्याला एकच विचारत: तू उतरला असतास तर पाडला असतास का रे चांगूला? हैबती पडला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण हैबतीच सांगत फिरत होता. मालोजीचं काय झालं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मेव्हणे हसत. पुढे बायकोने, प्रयागबाईने, सुद्धा विचारलं. हरलेला माणूस ताठ फिरतो आणि न हरलेल्याला खाली बघावं लागतं, असा हा चमत्कारिक हिशेब होता.

एका सकाळी मालोजी हैबतीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, पंच पायजे."

दोघं चालत महाडला गेले. चांगूने फार विचारपूस केली नाही. त्याने तालमीतल्या मातीच्या हौद्याकडे हात केला. या वेळी मातीच्या बाबतीत कुणी थांबलं नाही. कुस्ती मोठी झाली. मालोजी दोनदा सुटला, एकदा चांगू जवळजवळ गेलाच होता. शेवटी मालोजी एका कुशीवर पडला, वळायला गेला, आणि राहिला. पाठ लागली की नाही, असं पडणं होतं. एखाद्या दयाळू पंचाने काठी आडवी केली असती.

मालोजीने मातीत पडूनच हैबतीकडे मान वळवली. "दादा," तो म्हणाला, "बरोबरीत हाय का रे?"

हैबती वाकला. गुडघा धरून, वेळ घेऊन त्याने मालोजीची पाठ पाहिली, डावा खांदा पाहिला, उजवा पाहिला.

"नाय," तो म्हणाला.

मालोजी उठला, चांगूच्या हातावर हात मारला आणि कोपऱ्यातला आपला सदरा उचलला. चांगूने पाण्याची घागर पुढे केली. मालोजी ओंजळीने पाणी प्यायला. तोंडही धुतलं, पाठ मात्र धुतली नाही. सदरा खांद्यावर टाकून, माखलेली पाठ उघडी ठेवून तो महाडच्या भर बाजारपेठेतून पोलादपूरच्या वाटेला लागला. ज्याला विचारायचं होतं त्याने वाटेत विचारावं म्हणून हळूहळू चालला.